सूर्य मावळल्यानंतरची वीज: अणुऊर्जा नेमके कोणते काम करू शकते?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेविषयीचा 'शांती' कायदा संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि अणु-अपघातातील नुकसानभरपाईविषयीचा २०१० चा कायदा या दोन्हींची जागा त्याने घेतली, आणि आजवर सरकारी कंपन्यांनीच चालवलेल्या या क्षेत्राचे दार खासगी उद्योगांना उघडले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट, अणुवीज क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. २०२५ साली आपली क्षमता ८,८८० मेगावॅट होती. बावीस वर्षांत ती अकरा पटींहून अधिक वाढवायची, असा याचा अर्थ होतो.

खानदेशातल्या वाचकाला हा विषय मुंबई-दिल्लीचा किंवा फार तर कोकणातल्या जैतापूरचा वाटू शकतो. परंतु भुसावळजवळच्या दीपनगरचे कोळशावरचे वीज केंद्र, साक्री तालुक्यातल्या सौर पट्ट्या आणि ब्राह्मणवेलच्या माळावरच्या पवनचक्क्या एकाच जाळ्यात वीज सोडतात, आणि त्याच जाळ्यात तारापूर व काक्रापारची अणुवीजही येते. काक्रापार तर आपल्या तापीवरच आहे. हतनूर आणि प्रकाशा ओलांडून गेलेले पाणी पुढे उकाई धरणात साठते आणि तिथून खाली व्याऱ्याजवळच्या काक्रापार अणुऊर्जा केंद्राच्या कामी येते. त्यामुळे ही वीज कशी तयार होते, तिचा उपयोग किती आणि धोका किती, हे आपण नीट समजून घेणे आवश्यक आहे.

मेगावॅट आणि युनिट यांत गल्लत नको

विजेच्या बातम्यांमध्ये सर्वाधिक गोंधळ 'क्षमता' आणि 'निर्मिती' या दोन गोष्टींचा होतो. मेगावॅट हे क्षमतेचे माप आहे: एखादे केंद्र पूर्ण ताकदीने चालले तर एका क्षणी किती वीज देऊ शकेल, ते त्यातून कळते. आपल्या घरी येणाऱ्या बिलातले युनिट हे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचे माप आहे. एक मेगावॅटचे केंद्र तासभर पूर्ण ताकदीने चालले की एक हजार युनिट तयार होतात. दिवसाचे चोवीसही तास चालले तर चोवीस हजार.

मात्र सर्व केंद्रे चोवीस तास चालत नाहीत. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण पावणेपाच हजार युनिट देतो, कारण रात्र असते, ढग असतात, आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे असते. पवनचक्की सहा हजारांच्या आसपास देते. अणुभट्टी दुरुस्तीचे दिवस धरूनही सुमारे वीस हजार युनिट देते. कर्नाटकातील कैगा केंद्राच्या पहिल्या भट्टीने २०१८ साली ९६२ दिवस न थांबता चालण्याचा त्या वेळचा जागतिक विक्रम केला होता.

देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, वायू व तेल यांव्यतिरिक्तच्या स्रोतांची झाली आहे, ही २०२५ च्या मध्यावर आलेली बातमी खरी आहे. परंतु प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांकडे पाहिले तर सुमारे पाऊण वाटा अजून मुख्यतः कोळशाचा, आणि अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. यापुढे कोणी आपल्याला एवढ्या मेगावॅटचा प्रकल्प येणार असे सांगितले, तर त्यातून वर्षाला युनिट किती आणि कोणत्या वेळी मिळणार, हा प्रश्न आधी विचारावा.

पाऊस, शेततळे आणि विहीर

युनिट किती यापेक्षाही ते केव्हा मिळते याला महत्त्व का आहे, ते शेताच्या पाण्यावरून समजेल. पाऊस फुकट पडतो, पण तो आपल्या सोयीने पडत नाही. म्हणून शेतकरी शेततळे खोदतो; त्यातले पाणी खंडाच्या काळात एखादे-दुसरे पाणी देण्यापुरते पुरते, पूर्ण उन्हाळा त्यावर केळी जगत नाही. बारमाही पाणी असलेली विहीर हा तिसरा आधार असतो. ती खोदायला आणि बांधायला भरपूर पैसा लागतो, पाणी लागेपर्यंत जीव टांगणीला असतो, पण एकदा लागले की पाऊस येवो न येवो, ती आपले काम करते. ज्याच्याकडे चांगली विहीर आहे तो पावसाचे पाणी वाया घालवत नाही, आणि पाऊस चांगला झाला म्हणून विहीर बुजवतही नाही.

सूर्य व वारा यांची वीज पावसासारखी आहे, बॅटरी शेततळ्यासारखी आणि अणुवीज विहिरीसारखी. सध्या विहिरीचे काम कोळसा करतो आहे.

मे महिन्यातला जळगाव-भुसावळचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. दुपारी पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात, पण त्याच वेळी सौर पट्ट्याही जोरात असतात, त्यामुळे दुपारची मागणी भागते. सात वाजता ऊन जाते, उकाडा मात्र जात नाही. भिंती आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेलेच असतात, कूलर तसेच चालू राहतात, दुकानांचे दिवे लागतात, आणि सौर वीज शून्यावर आलेली असते. या तासांत सगळा भार कोळसा व जलविद्युत केंद्रांवर पडतो. डिझेल जनरेटरची घरघर ऐकू येते तीही याच वेळी.

वाऱ्याचे गणित आणखी निराळे आहे. साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबरमध्ये जोमाने फिरतात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात जेव्हा उकाडा परत येतो आणि रब्बीसाठी मोटारी सुरू होतात, तेव्हा वारा पडलेला असतो. चार तासांची बॅटरी संध्याकाळ पार पाडू शकते आणि तिच्या किमती वेगाने उतरत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु सलग आठ-दहा दिवस आभाळ झाकलेले असेल आणि वाराही मंद असेल, तर बॅटरी भरायची कशातून, हा प्रश्न उरतोच. कोळसा कायमचा बंद करायचा असेल तर या कठीण दिवसांची सोय आधी लावावी लागेल. माझ्या मते अणुऊर्जेच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि तो सूर्य किंवा वाऱ्याच्या विरोधात जात नाही.

अणुभट्टीत नेमके काय होते?

दीपनगरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज तयार करते. अणुऊर्जा केंद्रातही वाफेपासून पुढचा सगळा कारखाना जवळपास असाच असतो. फरक आहे तो फक्त उष्णता कुठून येते यात.

युरेनियम या जड धातूच्या काही अणूंवर न्यूट्रॉन हा सूक्ष्म कण आदळला की अणूचे दोन तुकडे होतात, बरीच उष्णता बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते शेजारचे अणू फोडतात आणि साखळी चालू राहते. यालाच अणुविखंडन म्हणतात. साखळी ना वाढावी ना विझावी, यासाठी न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या दांड्या भट्टीत खाली-वर करतात. भारतातल्या बहुतेक भट्ट्यांत 'जड पाणी' वापरतात. हायड्रोजनच्या जड भावंडापासून बनलेले हे पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, आणि त्यामुळे खाणीतून आलेले युरेनियम समृद्ध न करता तसेच वापरता येते. अशा युरेनियमच्या हजार अणूंपैकी जेमतेम सातच सहज फुटणारे असतात.

या सातांतच इतकी ऊर्जा दडलेली असते की इंधनाचे प्रमाण ऐकून सुरुवातीला विश्वास बसत नाही. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने चालवायचा तर दिवसाला आठ हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. भुसावळकरांना रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर एका संचाला रोज भरलेले दोन रेक. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते, म्हणजे रोज अडीच-तीन हजार टन राख मागे उरते; ती वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यात आणि उन्हाळ्यात वारा सुटला की आजूबाजूच्या गावांच्या अंगणात कशी पोहोचते, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. काक्रापारच्या ७०० मेगावॅटच्या एका भट्टीला याहून अधिक वीज देण्यासाठी दिवसाला सुमारे सव्वातीनशे किलो युरेनियम पुरते. अर्धा मीटर लांबीच्या, हातात मावतील अशा जाडीच्या नळ्यांच्या जुड्या करून ते भट्टीत सरकवतात, आणि एक छोटा टेम्पो ते सहज वाहून नेईल.

पण खाणी, सिमेंट आणि पोलाद यांचा धूर कोण मोजणार?

हा आक्षेप रास्त आहे. भट्टीच्या चिमणीतून कार्बन डायऑक्साइड निघत नसला तरी युरेनियम खणताना, केंद्राचे प्रचंड काँक्रीट ओतताना आणि शेवटी केंद्र मोडीत काढताना तो निघतोच. म्हणून शास्त्रज्ञ जन्मापासून मोडीपर्यंतचा हिशेब करतात. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने २०१४ च्या अहवालात दिलेल्या मध्यम अंदाजानुसार एका युनिटमागे कोळशाच्या विजेतून ८२० ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पातून ४८ ग्रॅम आणि अणुऊर्जा व पवनऊर्जेतून १२ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यानंतर सौर पट्ट्यांचे उत्पादन सुधारल्यामुळे त्यांचा आकडा आणखी खाली आला आहे. कार्बनच्या कसोटीवर हे तिघेही एकाच पंक्तीत बसतात आणि कोळसा त्यांच्यापासून फार दूर आहे. या मुद्द्यावर फारसा वाद उरलेला नाही.

अपघात झाला तर?

भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणे हा लोकांचा अपमान आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची भट्टी फुटली. त्यानंतरच्या काही महिन्यांत कामगार व अग्निशमन जवान मिळून सुमारे तीस जण दगावले, आणि दूषित दूध प्यायलेल्या हजारो मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. त्या भट्टीची रचनाच सदोष होती, तिला मजबूत काँक्रीटचे बाह्य कवच नव्हते, आणि सुरक्षा यंत्रणा बंद ठेवून तिच्यावर चाचणी चालू होती.

जपानमधले ११ मार्च २०११ चे फुकुशिमा आपल्याला अधिक शिकवते, कारण तिथे भट्ट्या भूकंपाच्या क्षणी ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. संकट त्यानंतर आले. विखंडन थांबले तरी इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के असते आणि एका दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते. काक्रापारच्या मोठ्या भट्टीच्या मानाने पाहिले तर बंद करून दिवस उलटल्यावरही सुमारे दहा मेगावॅट उष्णता अखंड बाहेर काढावी लागते. फुकुशिमात त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली, पंप थांबले, पाणी आटले आणि इंधन वितळले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. किरणोत्साराने झालेला एकच मृत्यू जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केला आहे. परंतु घाईने केलेल्या स्थलांतराच्या हालांमुळे, विशेषतः वृद्ध आणि रुग्ण असे, दोन हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. म्हणून अणुकेंद्राच्या सुरक्षेचा अर्धा भाग भट्टीत असतो आणि अर्धा भाग जिल्हा प्रशासनाच्या तयारीत असतो, असे मी मानतो.

आपल्या तापीकाठच्या केंद्रालाही अनुभव आहेत. जून १९९४ मध्ये अतिवृष्टीने लगतच्या तलावाचे पाणी काक्रापारच्या टर्बाइन इमारतीत शिरले होते. भट्टी त्या वेळी बंद होती. ११ मार्च २०१६ रोजी, योगायोगाने फुकुशिमाच्या पाचव्या स्मृतिदिनी, पहिल्या भट्टीतील एका शीतक नलिकेतून जड पाण्याची मोठी गळती झाली. भट्टी आपोआप बंद पडली, कामगारांना किंवा परिसराला मर्यादेबाहेरचा किरणोत्सार झाला नाही, आणि सर्व नलिका बदलून ती २०१९ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. सुरक्षा यंत्रणांनी काम केले, हे यातून दिसते. नलिका मात्र तडकायला नको होती, हेही तितकेच खरे. नव्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्यांत वीज पूर्ण गेली तरी उरलेली उष्णता पंपाविना, केवळ गरम पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणाने काढून घेणारी व्यवस्था बसवलेली आहे. फुकुशिमात नेमकी याचीच उणीव भासली होती.

कोळशाच्या बळींची बातमी होत नाही. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन होणारे आजार एकेका घरात वेगवेगळे येतात आणि त्यांच्यावर कोणत्याही केंद्राचे नाव लिहिलेले नसते. तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे झालेले मृत्यू मोजले, चेर्नोबिल व फुकुशिमा त्यात धरले, तरी कोळशाचा आकडा अणुऊर्जेच्या शेकडो पटींनी मोठा येतो.

रोजचा किरणोत्सार किती?

किरणोत्सार मानवाने निर्माण केला, असा समज आहे. वास्तविक माती, खडक, आकाशातून येणारे किरण आणि आपले स्वतःचे शरीर यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतका नैसर्गिक मारा होतच असतो. मिलिसीव्हर्ट हे शरीरावरील परिणामाचे माप आहे. अणुकेंद्रामुळे बाहेरच्या नागरिकाला वर्षाला एक मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मारा होता कामा नये, असा नियम आहे, आणि प्रत्यक्षात तो याच्या अगदी थोड्या भागाइतका असतो. सीटी स्कॅनमध्ये एका वेळी यापेक्षा कित्येक पट मारा होतो.

रावेर-यावलच्या केळीतही पोटॅशियममुळे नगण्य किरणोत्सार असतो, आणि म्हणून अणुऊर्जा केळ्याइतकी निरुपद्रवी आहे, असे काही उत्साही प्रचारक सांगतात. केळी खायला काहीच हरकत नाही, पण हा युक्तिवाद फसवा आहे. शरीर जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकते. अपघातात सुटणारे आयोडीन थायरॉइडमध्ये साठते आणि सीझियम मातीत वर्षानुवर्षे राहते. नेहमीच्या कामकाजातला किरणोत्सार किरकोळ असतो आणि मोठ्या अपघातातला नसतो. या दोन्ही गोष्टी लोकांना स्पष्टपणे सांगायला हव्यात.

कचरा ठेवणार कुठे?

वापरलेले इंधन भट्टीतून काढल्यावर काही वर्षे पाण्याच्या खोल टाक्यांत थंड करतात. त्यानंतर भारत ते फेकण्याजोगे मानत नाही. तारापूर, मुंबईतले तुर्भे (ट्रॉम्बे) आणि तमिळनाडूतले कल्पाक्कम इथल्या केंद्रांत त्यावर प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि उरलेले युरेनियम वेगळे काढले जाते. होमी भाभा यांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेत हे प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यातल्या भट्ट्यांचे इंधन बनते आणि तिसऱ्या टप्प्यात आपल्याकडे विपुल असलेल्या थोरियमकडे जायचे आहे. योजना दूरदृष्टीची आहे, पण तिची गती फार संथ राहिली आहे, हे मान्य करावे लागते.

शेवटी उरणारा अतितीव्र कचरा वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट करतात आणि पोलादी डब्यांत ठेवतात. आकाराने तो थोडा असतो. अडचण काळाची आहे: सीझियमची तीव्रता निम्मी व्हायला तीस वर्षे लागतात, प्लुटोनियमची व्हायला चोवीस हजार. फिनलंडने ऑल्किलुओटो येथे चारशे मीटरहून अधिक खोल, अब्जावधी वर्षे जुन्या खडकात कायमची साठवण खोदली आहे. भारतात अशी जागा अजून नाही. क्षमता अकरा पट करायची असेल तर ही जागा ठरवण्याचे कामही त्याच वेगाने व्हायला हवे, आणि ते पुढच्या पिढीवर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

पाण्याचा प्रश्न

खानदेशासाठी हा मुद्दा किरणोत्सारापेक्षाही अधिक निकडीचा आहे. वाफेवर चालणाऱ्या प्रत्येक केंद्राला वाफ पुन्हा थंड करायला पाणी लागते. अणुकेंद्रातली वाफ आधुनिक कोळसा केंद्राइतकी तप्त नसते, त्यामुळे उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच विजेत रूपांतरित होते आणि बाकी वातावरणात सोडावी लागते. शीतक मनोरे वापरले तर युनिटमागे अडीच-तीन लिटर पाणी वाफ होऊन जाते. ७०० मेगावॅटच्या भट्टीसाठी हा हिशेब दिवसाला साडेचार कोटी लिटरच्या आसपास येतो. दीपनगरचे पाणी हतनूरमधून येते, आणि गाळाने भरत चाललेल्या हतनूरवर गावांच्या पाणीयोजना, रेल्वे, कारखाने आणि केळी यांचा आधीच ताण आहे. तारापूर, जैतापूर आणि कुडनकुळम समुद्रकाठी का आहेत, याचे एक मोठे कारण इथे सापडते. सौर पट्ट्यांना मात्र धुण्यापुरतेच पाणी लागते, आणि अवर्षणप्रवण भागात हा त्यांचा फार मोठा गुण आहे.

मग दीपनगरच्या जागी छोटी अणुभट्टी?

जुनी कोळसा केंद्रे बंद झाल्यावर त्याच जागी लहान अणुभट्ट्या बसवाव्यात, ही कल्पना सध्या चर्चेत आहे. वरवर पाहता तिच्यात अर्थ आहे: जमीन ताब्यात आहे, उच्चदाब वाहिन्या तयार आहेत, रेल्वे आहे, आणि टर्बाइन चालवणारे कुशल कामगार त्याच वसाहतीत राहतात. केंद्र बंद पडले तर ठेकेदारीवरचे हजारो हात रिकामे होतील, ही दीपनगर परिसराची खरी चिंता आहे. सरकारने लहान भट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटी रुपये ठेवले असून २०३३ पर्यंत पाच स्वदेशी भट्ट्या चालू करण्याचे ठरवले आहे.

तरीही घाई नको. जगात खऱ्या अर्थाने लहान, आधुनिक अशा चालू भट्ट्या अद्याप बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. रशियाची तरंगती भट्टी आणि चीनची वायूने थंड होणारी भट्टी ही त्यांतली ठळक नावे. लहान भट्टी स्वस्त पडेल, ही अजून आशाच आहे. शिवाय मोठ्या केंद्राभोवती किमान एक किलोमीटरचा निर्जन पट्टा ठेवावा लागतो. लहान भट्टीसाठी तो कमी करण्याचा विचार आहे, पण दीपनगरभोवती दाट वस्ती आहे. तापी खोऱ्यातून जमिनीतल्या मोठ्या भ्रंशरेषाही जातात, त्यामुळे भूकंपाचा स्वतंत्र अभ्यास लागेल. पाण्याचा प्रश्न वर आलाच आहे.

पैसा, वेळ आणि जबाबदारी

काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचे पहिले काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडले आणि व्यावसायिक वीज जून २०२३ मध्ये मिळाली. फ्रान्सच्या फ्लामानव्हिल इथल्या नव्या भट्टीचे बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले, ती डिसेंबर २०२४ मध्ये जाळ्याला जोडली गेली. जैतापूरसाठी याच प्रकारच्या सहा भट्ट्या सुचवलेल्या आहेत. अणुविजेच्या दरात इंधनाचा वाटा थोडा आणि उभारणीचा व व्याजाचा वाटा फार मोठा असतो, म्हणून प्रत्येक वर्षाचा उशीर थेट दरात उतरतो. सौर लिलावांत युनिटला अडीच रुपयांच्या आसपास दर मिळत असताना नव्या अणुविजेचा दर त्याच्या दुपटीहून अधिक धरावा लागतो. परंतु दुपारचे युनिट आणि रात्री नऊचे युनिट यांची किंमत सारखी नसते. खरी तुलना करायची तर सौर दरात बॅटरी आणि ढगाळ आठवड्याची सोय यांचाही खर्च मिळवायला हवा. फरक त्यामुळे बराच कमी होतो, पण पूर्ण मिटतो असे आज म्हणता येत नाही.

आणखी एक अडचण सहसा सांगितली जात नाही. अणुभट्टी एका पातळीवर सतत चालवणे सोयीचे आणि स्वस्त असते. दुपारी सौर वीज उतू जात असताना तिला मागे-पुढे करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, फ्रान्समध्ये ते करतातही. पण बांधलेला पैसा मग पडून राहतो. म्हणून सगळी वीज अणूतून घ्यावी, हे भारतासाठी शहाणपणाचे ठरणार नाही.

जबाबदारीच्या बाबतीत नव्या कायद्याने एक पाऊल चांगले टाकले आहे: १९८३ पासून केवळ सरकारी आदेशावर चालणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. दुसरे पाऊल मला खटकते. सदोष यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपनीकडून भरपाई वसूल करण्याचा जो हक्क २०१० च्या कायद्याने केंद्र चालवणाऱ्या कंपनीला दिला होता, तो तसा उरलेला नाही. करारात लिहिले असेल तरच तो वापरता येईल. भोपाळ पाहिलेल्या देशात ही तरतूद सहज स्वीकारली जाऊ नये.

तोपर्यंत काय?

आज एखाद्या जागेवर शिक्कामोर्तब झाले तरी तिथली वीज २०३५ च्या अलीकडे मिळण्याची शक्यता कमीच आहे. मधल्या दहा वर्षांत कार्बन घटवण्याचे काम सूर्य, वारा, बॅटरी आणि उंचावर पाणी चढवून साठवणाऱ्या जलविद्युत प्रकल्पांनाच करावे लागेल. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची योजना या दृष्टीने फार मोलाची आहे. रात्री दोनला थ्री फेज आली म्हणून हातात टॉर्च घेऊन केळीच्या बागेत बारे धरायला जाणारा, पायाखाली साप आणि बांधावर बिबट्याची धास्ती घेऊन मोटार चालू करणारा शेतकरी दिवसा पाणी भरू लागला, तर त्याची झोप वाचतेच, शिवाय रात्रीची तेवढी मागणीही नाहीशी होते आणि तेवढा कोळसा व तेवढी अणुवीज दोन्ही लागत नाहीत.

एवढे करूनही रात्रीचा जो भार उरेल, कारखाने, दवाखाने, रेल्वे आणि तापलेल्या घरांतले कूलर यांचा, त्यातला काही भाग समुद्रकाठच्या व पाणी मुबलक असलेल्या जागांवरच्या मोठ्या अणुकेंद्रांनी उचलावा, असे माझे मत आहे. तापी खोऱ्यात नवे केंद्र सुचवले गेलेच, तर जनसुनावणीत तिथल्या गावांनी मे महिन्यातल्या पाण्याचा हिशेब, वापरलेले इंधन किती वर्षे तिथेच राहणार याची लेखी मुदत, गावे रिकामी करण्याचा मराठी, अहिराणी आणि पावरीतून समजावलेला आराखडा आणि पुरवठादाराच्या जबाबदारीचे करारातले कलम, एवढे कागद आधी टेबलावर मागावेत. ते दाखवता आले नाहीत, तर प्रकल्पाला संमती देण्याची वेळ आलेली नाही असे समजावे.